पाठवायची घाई

लिनक्स कर्नलच्या मेलिंग-यादीवर गेलेला प्रत्येक मेल जाहीर संग्रहात जमा होतो. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, आणि आपल्याकडून गेला असेल तर वेळेच्या शेपटीला लागलेलं 'अधिक ०५३०', सगळं कुणालाही वाचता येतं. मागाहून तो मेल खोडायची सोय नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यात गुपित असं काही नाही. शोधणाऱ्याला यातलं बरंच काही सापडेल. संग्रहात चूक दिसते, ती का झाली ते मात्र दिसत नाही. तेवढंच सांगायचं बाकी आहे.

मी जवळा बाजारचा. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. घरी हळद आणि सोयाबीन. इंजिनिअरिंग नांदेडला केलं, नोकरी पुण्यात लागली, आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो बराच काळ इथंच राहिलो. दिवसा कंपनीचं काम, रात्री जेवणं झाली की माडीवरच्या खोलीत कर्नलचा सोर्स उघडून बसायचं. बाबा जिन्यातून विचारायचे, "कोणाला चिठ्ठी लिव्हायलास रे इतका वेळ?" मावशीचा प्रश्न त्याहून अवघड होता: "आपल्याच तालुक्यात लायगो व्हायलंय म्हणं, तू तिथं का लागत नाहीस?" गुरुत्वीय लहरी टिपणारी ती प्रयोगशाळा औंढ्याजवळ होणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मी मेलवर काय पाठवतो ते समजावून सांगणं त्यापेक्षा कठीण होतं.

समजावायचंच तर असं. लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्स कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागाला, सुरुवात केली. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच कर्नल चालतं. जगभरातून हजारो माणसं त्यात दुरुस्त्या करतात आणि त्या दुरुस्त्या अजूनही ईमेलनं जातात. पूर्ण फाइल जात नाही, फक्त फरक जातो. काढलेल्या ओळीपुढे उणे, घातलेल्या ओळीपुढे अधिक, आणि जागा ओळखू यावी म्हणून वर-खाली तीन-तीन ओळी जशाच्या तशा. हा झाला पॅच. असा फरक फाइलीला लावणारा 'पॅच' नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला, म्हणजे ही पद्धत माझ्याहून वयानं मोठी. २००५ मध्ये टॉरवाल्ड्सनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट बनवलं आणि त्यातही ही वाट कायम राहिली. 'फॉरमॅट-पॅच' ही आज्ञा बदलाचा मेल तयार करते, 'सेंड-ईमेल' तो पाठवते, आणि पलीकडचा माणूस 'एएम' या आज्ञेनं तो मेलपेटीतून उचलून आपल्या सोर्सवर लावतो.

पद्धत जुनाट वाटते, पण आमच्याकडे तिची किंमत कळते. पॅच दोन-चार केबीचा असतो. मोबाइलला एकच दांडी दिसत असली तरी जातो. पाठवणारा कुठल्या गावचा, कुठल्या कॉलेजचा हे कुणी विचारत नाही. विचारतात ते फक्त पॅचबद्दल, आणि तिथंच माझी फजिती व्हायची.

पहिला पॅच किरकोळ होता. कर्नलमध्ये 'स्टेजिंग' नावाचा विभाग आहे. अजून पुरते तयार न झालेले ड्रायव्हर तिथं ठेवतात, आणि नवख्यानं हात बसवायला ती जागा बरी समजतात. 'चेकपॅच' नावाची स्क्रिप्ट मांडणीचे नियम कुठे मोडलेत ते दाखवते. तिनं दाखवलेल्या काही ओळी मी नीट केल्या, टर्मिनलवरून फरक कॉपी केला आणि ब्राउझरमधल्या मेलमध्ये चिकटवून पाठवला. असं करू नका, हे कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय, आणि मी ते वाचलेलंही होतं. पण उबुंटूवर 'सेंड-ईमेल' वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. ते टाका, सर्व्हरची माहिती भरा, चालतं का बघा, एवढा धीर कुणाला होता? मला त्याच रात्री पाठवायचं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

कर्नलच्या कोडमध्ये ओळ आत सरकवायला टॅब वापरतात आणि एक टॅब आठ अक्षरांचा धरतात. ब्राउझरनं माझ्या सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या आणि लांब ओळी मध्येच तोडून खाली ढकलल्या. डोळ्याला सगळं जागच्या जागी दिसत होतं. पलीकडे गिटनं मात्र 'करप्ट पॅच' म्हणून तो नाकारला. एका ओळीचं उत्तर आलं: मेल प्रोग्रामनं पॅच बिघडवलाय, पुन्हा पाठवा. मी पुन्हा पाठवला तो फाइल जोडून. आता टॅब शाबूत राहिले, पण तपासणाऱ्याची अडचण वाढली. तो उत्तर देताना पॅचमधल्या नेमक्या ओळीखाली आपलं म्हणणं लिहितो, आणि त्यासाठी पॅच मेलच्या मजकुरातच असावा लागतो. जोडलेल्या फाइलवर तसं लिहिता येत नाही. हेही त्याच पानावर लिहिलेलं होतं, दोन परिच्छेद खाली. तिथवर मी पोचलोच नव्हतो.

मग निमूटपणे 'सेंड-ईमेल' बसवलं. सर्व्हरचं नाव, पोर्ट ५८७, टीएलएस, आणि पासवर्ड. माझ्या मेलसेवेत नेहमीचा पासवर्ड यासाठी चालत नव्हता. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून या कामापुरता सोळा अक्षरी पासवर्ड काढावा लागला. तो मी गिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघडा लिहून ठेवला. माझ्या सगळ्या सेटिंगच्या फाइली तेव्हा एका जाहीर रेपॉझिटरीत असायच्या, नव्या लॅपटॉपवर पटकन उतरवता याव्यात म्हणून. नेहमीच्या सवयीनं 'सेटिंग अद्ययावत' असा संदेश लिहून मी ती फाइलही तिथं ढकलली. काय काय चाललंय ते गिटनं ढकलण्याआधी ओळीओळीनं दाखवलं होतं. ते बघायची मला गरज वाटली नाही.

एका अनोळखी माणसानं कळवलं की तुमचा पासवर्ड दिसतोय. त्यानंतर मी जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. पासवर्ड रद्द करणं एका क्लिकचं काम होतं, आणि तेवढंच गरजेचं होतं. मी मात्र आधी फाइलमधली ओळ खोडली, मग ती इतिहासात शिल्लक आहे हे लक्षात आल्यावर इतिहास पुसायच्या खटपटीला लागलो. म्हणजे दार उघडं टाकून आधी उघड्या दाराचा पुरावा मिटवत बसलो. लोक काय म्हणतील ही भीती मोठी ठरली. पासवर्ड रद्द केला तो सगळ्यात शेवटी.

यानंतरची गोष्ट ताऱ्याची. पॅचवर सूचना आल्या की तो दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवायची असते. विषयात 'पॅच व्ही २' असं लिहायचं, आणि आधीच्यापेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली नोंदवायचं. त्या रेघांखालचा मजकूर तपासणाऱ्याला वाचायला मिळतो, पण गिटच्या इतिहासात जात नाही. फार विचारपूर्वक केलेली सोय आहे. मी दुसरी आवृत्ती तयार केली, बदलांची नोंदही लिहिली, आणि आज्ञा देताना फाइलींची नावं टाइप करायचा कंटाळा केला. तारा टाकून 'पॅच' शेपटीच्या सगळ्या फाइली असं सांगितलं. त्या फोल्डरमध्ये पहिल्या आवृत्तीच्या फाइलीही होत्या. शिवाय ऑफिसच्या कामाआधी सहज करून बघितलेला एक अर्धवट प्रयोगही होता.

'सेंड-ईमेल' मुकाट्यानं पाठवत नाही. कुणाला जातंय, प्रत कुणाला, विषय काय, सगळं पडद्यावर मांडतं आणि विचारतं: पाठवू का? हो, नाही, बदल, थांब, की सगळेच? मी 'सगळेच'चा 'ए' दाबला. टर्मिनलवर मेलचे मथळे सरसर वर जायला लागले आणि प्रत्येकाच्या बुडाशी 'रिझल्ट: २५०' येत राहिलं. २५० म्हणजे मेल सर्व्हरनं तो ताब्यात घेतला. त्या रांगेत माझ्या प्रयोगाचा विषय वर जाताना दिसला तेव्हा कंट्रोल-सी दाबलं. फार उशीर झाला होता. जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती आणि तो अर्धवट प्रयोग, असे सगळे एकाच धाग्यात मिसळून जगभरच्या लोकांच्या मेलपेट्यांत जाऊन बसले. प्रयोगाच्या विषयात मी लिहिलेलं होतं: 'बघू चालतं का'. रोमन लिपीत, पण मराठीत. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, एवढीच काय ती मेहरबानी.

मराठीनं आणखी एकदा अडचणीत आणलं, म्हणजे मीच आणलं. सात पॅचची मालिका होती. मालिकेला शून्य क्रमांकाचं प्रास्ताविक पत्र जोडतात. त्याच्या शेवटी इंग्रजी सहीखाली मी हौसेनं आपलं नाव देवनागरीत लिहिलं. त्यात काही गैर नाही. देवनागरी अक्षरं साध्या आस्कीत बसत नाहीत, म्हणून 'सेंड-ईमेल'नं विचारलं: या मजकुरासाठी कोणतं एन्कोडिंग जाहीर करू? कंसात यूटीएफ-८ असं सुचवलेलंही होतं. नुसतं एंटर दाबलं असतं तरी भागलं असतं. मला वाटलं, परवानगीच मागतंय नेहमीसारखी. मी 'वाय' दाबला. त्यानं पुन्हा विचारलं: तुम्हाला नक्की 'वाय' हेच वापरायचंय का? मी पुन्हा 'वाय' दाबला.

पत्र गेलं ते 'वाय' नावाच्या एन्कोडिंगमध्ये. असं एन्कोडिंग अस्तित्वात नाही. एका सद्गृहस्थांनी उत्तरात माझ्या मेलच्या मथळ्यातली ती ओळ उतरवून काढली आणि खाली फक्त एक हसरा चेहरा टाकला. नंतर कळलं की या प्रश्नाला 'वाय' म्हणणारा मी पहिला नव्हे, 'नक्की का?' हा दुसरा प्रश्न आमच्यासारख्यांसाठीच गिटमध्ये घातलेला आहे. आमच्यातल्या काहींना तोही पुरत नाही.

त्याच मालिकेत लाइटही गेली. तिसरा पॅच गेला आणि घरातला राउटर बंद पडला. चार पॅच माझ्याकडे, बाकीचे जगाकडे. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे: प्रास्ताविक पत्राचा मेसेज-आयडी उचलायचा आणि उरलेले चार त्याच पत्राला उत्तर म्हणून पाठवायचे. पलीकडे सगळी मालिका व्यवस्थित जुळून येते. मी फोनचा हॉटस्पॉट लावून गच्चीवर गेलो आणि अख्खी मालिका पहिल्यापासून पुन्हा पाठवली. आता एक तुटकी मालिका आणि एक पूर्ण मालिका, दोन्ही एकाच नावाच्या. कुणीतरी पहिलीवर सूचना लिहिल्या, कुणी दुसरीवर. दोन्हीकडची उत्तरं गोळा करायला मलाच रात्र पुरली नाही. लाइट जाणं माझ्या हातात नव्हतं. पाच मिनिटं थांबणं होतं.

इथवरच्या चुका टपालाच्या. पॅच पोचायला त्रास झाला, पण पॅच बरा होता असं मी स्वतःला सांगू शकत होतो. पुढची चूक तशी नव्हती.

एका ड्रायव्हरमध्ये एका व्हेरिएबलचं नाव नियमाला धरून नव्हतं. मी ते बदललं, 'मेक' चालवलं, एकही एरर आली नाही, पॅच पाठवला. काही तासांत उत्तर आलं, माणसाचं नव्हे, 'कर्नल टेस्ट रोबो'चं. इंटेलची ही यंत्रणा यादीवर आलेले पॅच उचलून वेगवेगळ्या प्रकारे बांधून बघते. तिनं फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि एरर लिहून पाठवली: हे नाव जाहीरच केलेलं नाही. एका अटीच्या आतल्या ओळीत मी जुनं नाव तसंच ठेवलं होतं.

मग माझं 'मेक' बिनबोभाट कसं पार पडलं? कर्नल बांधताना कोणते ड्रायव्हर हवेत ते कॉन्फिगमध्ये निवडावं लागतं. तो ड्रायव्हर माझ्या कॉन्फिगमध्ये बंद होता. कंपायलरनं माझी फाइल उघडलीच नव्हती. मी ज्याला यश समजत होतो ते म्हणजे न झालेली परीक्षा होती. त्यानंतर त्या भागाची जबाबदारी असलेल्या बाईंचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. फक्त विचारलं होतं: तुम्ही हे कंपाइल केलं होतं का?

हा प्रश्न जिव्हारी लागला, कारण खरं उत्तर 'हो' पण नव्हतं आणि 'नाही' पण नव्हतं. मी आज्ञा चालवली होती. काय बांधलं गेलं ते पाहिलं नव्हतं. आमच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होताना व्यापारी ढिगाच्या वरची कांडी बघून भाव बोलत नाही. कोपरापर्यंत हात खुपसतो, तळची मूठ वर काढतो, मोडून बघतो, मग तोंड उघडतो. बाबांबरोबर मी हे लहानपणापासून पाहिलेलं. माझा ढीग मीच कधी तळापर्यंत चाचपला नाही, आणि दुसऱ्यानं हात घातला की मला वाईट वाटायचं.

वाईट वाटण्यातूनही चुका झाल्या. एका पॅचला उत्तर येईना म्हणून मी दोनच दिवसांत आठवण करून दिली. कागदपत्रं सांगतात की किमान आठवडाभर थांबा, आणि त्याला कारण आहे. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे बदल आत घ्यायचे असतात आणि तेव्हा देखरेख करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मी आठवण केली ती नेमकी त्याच आठवड्यात. दुसऱ्यांदा परभणीला जाताना एसटीतून फोनवरून उत्तर लिहिलं, आणि ते यादीपर्यंत पोचलंच नाही. फोननं मेल एचटीएमएलमध्ये पाठवला होता आणि तिथं साधा मजकूरच स्वीकारतात. ते पोचलं नाही ही आजही मला देवाची कृपा वाटते. एसटीच्या धक्क्यांत लिहिलेलं ते उत्तर फार तिखट होतं.

एक चूक मात्र कायद्याच्या बाजूची होती. पॅचच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ नावानिशी लिहावी लागते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला, लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप केला, आणि कोणती ओळ कुठून आली याची चौकशी सुरू झाली. त्यानंतर २००४ मध्ये ही सहीची रीत आली. सही म्हणजे 'हा कोड द्यायचा मला अधिकार आहे' असं जाहीर करणं. मी कंपनीच्या लॅपटॉपवरून काम करत होतो आणि गिटमध्ये लेखक म्हणून कंपनीचाच मेलपत्ता भरलेला होता. खाली सही माझ्या खासगी पत्त्याची. दोन पत्ते जुळत नाहीत ही सूचना 'चेकपॅच'नं दिली होती. मी ती बारीकसारीक समजून सोडली. मग यादीवर कुणीतरी साधा प्रश्न विचारला: हा कोड तुमचा की तुमच्या कंपनीचा? मला उत्तर माहीत नव्हतं. नोकरीच्या करारात काय लिहिलंय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं, आणि साहेबांची परवानगी पॅच जाऊन बसल्यावर मागितली. मिळाली, पण क्रम उलटा होता.

इतकं झाल्यावर मी ठरवलं की यापुढे प्रत्येक पॅच आधी स्वतःला पाठवून बघायचा. चांगली सवय आहे, सगळे तेच सांगतात. 'टू'मध्ये माझा पत्ता घातला, विषयात 'टेस्ट' लिहिलं, मजकुरात काहीबाही जोडलं. पॅचच्या शेवटी ज्यांनी आधी तपासून दिला होता त्यांची नावं आणि प्रत कुणाला द्यायची त्यांची नावं होती. 'सेंड-ईमेल' अशा ओळी स्वतःहून वाचतं आणि त्या सगळ्यांना प्रत लावतं. तसं केल्याचं सांगतंही. प्रतींची यादी वाढवली आहे, बघून घ्या, असं चांगलं चार ओळींत लिहून येतं आणि मगच पाठवू का म्हणून विचारतं. मी एकट्यालाच पाठवतोय या खात्रीनं 'ए' दाबला. ज्यांच्यापासून चुका लपवायच्या म्हणून हा सगळा बंदोबस्त केला, नेमक्या त्यांनाच 'टेस्ट' नावाचा कचरा गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या रात्री मी टर्मिनल वर सरकवत नेलं आणि त्या चार ओळी वाचल्या. इंग्रजी साधं होतं, दहावीच्या पोराला कळेल असं. मग आठवत गेलो. टॅब मोडतील हे कागदपत्रांनी सांगितलं होतं. पासवर्डची फाइल जातेय हे गिटनं दाखवलं होतं. जुन्या फाइलींची नावं पडद्यावर आली होती. एन्कोडिंगबद्दल दोनदा विचारणा झाली होती. पत्ते जुळत नाहीत असंही कळवलं होतं. एकदाही यंत्रानं मला फसवलं नव्हतं. मी आजवर समजत होतो की मला ही आज्ञा येत नाही, म्हणून तिचे पर्याय पाठ करत होतो. खरं म्हणजे पडद्यावरचं वाचायचंच मी बंद केलं होतं. प्रश्न आला की होकार द्यायचा, इतका तो होकार बोटांत मुरला होता.

संग्रह चाळायची सवय तेव्हापासून लागली. आपल्या चुका शोधायला गेलो आणि इतरांची चिकाटी सापडली. कर्नलमध्ये चुका शोधायचं 'केजीडीबी' नावाचं साधन आहे. त्याच्या कागदपत्राला हातभार लावणाऱ्यांत अमित काळे यांचं नाव आहे. मराठी आडनाव बघून मी थबकलो. टॉरवाल्ड्सना कर्नलमध्ये डीबगर नकोच होता, २००० मध्ये त्यांनी तसं सडेतोड लिहिलंही होतं. हे साधन कितीतरी वर्षं बाहेरच, वेगळा पॅच म्हणून फिरत राहिलं. पुढे इतरांनीही त्यावर हात फिरवला, आणि २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये आलं. कर्नलची नवी आवृत्ती आली की बाहेरचा पॅच तिच्यावर पुन्हा बसवून द्यावा लागतो. तेवढी वर्षं ते काम करत राहणारी माणसं होती, आणि मी दोन दिवसांत आठवण करून देत होतो.

आता माझी रीत साधी आहे. प्रत्येक आवृत्तीला वेगळं फोल्डर; तारा वापरायचा नाही. ज्या ड्रायव्हरला हात लावला तो कॉन्फिगमध्ये चालू आहे का ते बघायचं, आणि बांधणी होताना त्या फाइलचं नाव पडद्यावर आलं का ते डोळ्यांनी बघायचं. मग 'ड्राय-रन', म्हणजे न पाठवता सगळं करून दाखवायला सांगायचं, आणि 'टू' व 'सीसी' मधली नावं मोठ्यानं वाचायची. स्वतःला पाठवायचा तर 'सप्रेस-सीसी' ला 'ऑल' सांगून. आलेला मेल उचलून कोऱ्या सोर्सवर 'एएम' नं लावायचा. लागला तर तिथं पुन्हा बांधायचा. आणि मग रात्रभर तसाच ठेवायचा.

शेवटचं कलम सगळ्यात कामाचं. सकाळी चहाबरोबर तोच पॅच वाचला की तो दुसऱ्याचा वाटतो, आणि दुसऱ्याच्या पॅचमधल्या चुका चटकन दिसतात. असाच एकदा एक पॅच सकाळी वाचताना दिसलं की एरर आली तर घेतलेली मेमरी परत न करताच फंक्शन बाहेर पडतंय. रोबोनं हे पकडलं असतं याची खात्री नव्हती. कोड नीट कंपाइल होत होता. आता या कामाला 'बी-४' नावाचं साधन आलंय, कॉन्स्टँटिन र्‍याबित्सेव यांनी लिहिलेलं. आवृत्त्यांचा हिशोब ठेवतं, कुणाकुणाला पाठवायचं ती यादी काढतं, प्रास्ताविक पत्र सांभाळतं. माझ्या निम्म्या चुका त्यानं होऊच दिल्या नसत्या. पॅच मात्र तेही तुमच्या वतीनं वाचत नाही.

माझे काही पॅच आत गेले. फार मोठं त्यात काही नाही. पण त्यामुळे एक झालं: अधूनमधून नवख्यांचे पॅच बघायला मला सांगितलं जातं. परवा एका मुलाचा आला. सगळे टॅब मोडलेले, ओळी तुटलेल्या. उत्तर लिहिलं, पुन्हा वाचलं, त्यातला एक खोचक शब्द काढला, 'सेंड-ईमेल' कसं बसवायचं ते ओळीओळीनं सांगितलं, पासवर्ड कुठे ठेवू नको तेही सांगितलं. त्याचं आभाराचं उत्तर आलं आणि दुसरी आवृत्ती अगदी नीट आली. तिसरी पाठवताना त्यानं आधीच्या दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली एका झटक्यात पाठवून दिल्या. माझंच ते जुनं उत्तर उघडून पाहिलं: ताऱ्याबद्दल त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.